पाणी वर, मैला खाली

शिकागो शहराच्या दक्षिणेला बावीस-तेवीस किलोमीटरवर एकेकाळी विटांचा एक मनोरा होता. उंची १९५ फूट, म्हणजे आजच्या अठरा मजली इमारतीच्या आसपास. लांबून पाहणाऱ्याला तो घंटाघर वाटावा असा देखणा. माथ्यावर ५ लाख गॅलनची टाकी, तिच्यात गावाचं पिण्याचं पाणी. आणि त्याच मनोऱ्याच्या पायाखाली, जमिनीच्या पोटात, ३ लाख गॅलनचा हौद. त्यात सबंध गावाचा मैला.

माझ्या आजीला हे सांगितलं असतं, तर तिनं त्या गावचं पाणी तोंडात घेतलं नसतं. पण १८८० च्या दशकात जगभरचे पाहुणे हा मनोरा बघायला मुद्दाम येत. कारण वरच्या टाकीतलं पाणी नळानं घराघरांत जाई, मोऱ्या-संडासांतून बाहेर पडून जमिनीखालच्या नळांनी परत मनोऱ्याच्या पायाशी येई, आणि हौदात कुजायला लागण्याआधीच पंप ते उचलून तीन मैलांवरच्या शेतात पाठवत. सुमारे १४० एकरांचं ते शेत. तिथं कोबी, कांदे, सेलरी पिके आणि शिकागोच्या बाजारात विकली जाई. गावाचं नाव पुलमन. मालकाचं नावही पुलमन. गावातल्या लोकांच्या पोटातून बाहेर पडलेल्या गोष्टीवरही ज्याला चार पैसे सुटत होते, असा मालक इतिहासात फार सापडायचा नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे कळायला त्या जमिनीकडे बघावं लागतं. कॅलुमेट तळ्याच्या पश्चिम काठची ही जमीन परातीसारखी सपाट आणि दलदलीची. उतारच नाही, तर गटार वाहणार कुठे? खुद्द शिकागो आपला मैला नदीत सोडत होतं, नदी तो मिशिगन सरोवरात नेत होती, आणि पिण्याचं पाणी शहर त्याच सरोवरातून उचलत होतं. बेंझेट विल्यम्स या अभियंत्यानं पुलमनमध्ये नळांची दोन वेगळी जाळी टाकली. पावसाचं पाणी एका जाळ्यातून सरळ कॅलुमेट तळ्यात. घरांतला मैला दुसऱ्या जाळ्यातून मनोऱ्याखाली. ही दोन पाणी एकत्र केली असती, तर एका जोरदार सरीत हौद भरून वाहिला असता, पंप दमले असते आणि शेतात नुसता चिखल पोचला असता. वेगळी ठेवल्यामुळे पंपांना रोज साधारण तेवढंच ओझं आणि शेताला घट्ट खत. आपल्या कितीतरी शहरांत पावसाळी गटार आणि मैलावाहिनी आजही एकमेकींच्या गळ्यात गळे घालून वाहतात, हे आठवलं की १८८० च्या त्या नकाशावर बोट थबकतं.

गंमत म्हणजे जॉर्ज पुलमनचं नशीबही गटारांनीच उघडलं होतं. १८५० च्या दशकात शिकागोनं मैलावाहिन्या टाकायचं ठरवलं, पण जमीन इतकी सखल की नळ पुरायला खोलीच मिळेना. मग नळ रस्त्यावरच मांडले, त्यांच्यावर भराव घातला, आणि रस्ते वर आले. इमारती मात्र राहिल्या खड्ड्यात. आता इमारती उचलायच्या! न्यूयॉर्क राज्यातून आलेल्या तरुण पुलमनला हा धंदा ठाऊक होता, त्याचे वडील कालव्याच्या कडेची घरं सरकवून द्यायचे. पायाखाली शेकडो स्क्रू-जॅक लावायचे, प्रत्येक माणसाकडे थोडे थोडे, इशारा झाला की सगळ्यांनी एकाच वेळी थोडासा पीळ द्यायचा. अख्खं विटांचं हॉटेल आतल्या पाहुण्यांसकट वर चढायचं, आणि पाहुण्यांना पत्ता लागत नसे असं सांगतात. या पैशातून पुढे त्यानं रेल्वेचे झोपायचे डबे बनवले, मखमलीचे पडदे, अक्रोडाचं लाकूड, दिवसा बाक आणि रात्री बिछाना. ‘पुलमन’ हा शब्दच आरामशीर डब्यासाठी रूढ झाला. लोकांना सुंदर जागेत बसवलं की ते सुंदर वागतात, असं त्याचं ठाम मत या डब्यांतूनच बनलं, आणि तेच मत त्यानं पुढे गावाला लावलं.

१८८० मध्ये कंपनीनं गाजावाजा न करता साधारण ४,००० एकर जमीन घेतली. गाव बांधायचं काम दिलं सोलोन बीमन या वास्तुविशारदाला. त्याचं वय तेव्हा २६. त्याला सुचवलं नेथन बॅरेटनं. बॅरेट बागा आखणारा, पुलमनच्या समुद्रकाठच्या बंगल्याची बाग त्यानं केली होती. सव्विसाव्या वर्षी कारखाना, घरं, हॉटेल, चर्च, बाजार, तबेले आणि नाट्यगृह असं सगळं एकाच वेळी आखायला मिळणं! कुठल्याही वास्तुविशारदाला हेवा वाटेल. पहिलं कुटुंब १ जानेवारी १८८१ ला राहायला आलं, म्हणजे वर्षही पुरतं उलटलं नव्हतं.

गाव बघायचं ते आगगाडीच्या खिडकीतून. तशीच त्याची मांडणी होती. रुळांवरून जाणाऱ्या प्रवाशाला आधी एक छोटं तळं दिसे, पाण्यात मागच्या इमारतीचं प्रतिबिंब. तळ्यामागे कारखान्याचं मुख्य कार्यालय, मधोमध घड्याळाचा मनोरा, दोन्ही बाजूंना लांबच लांब लाल विटांचे पंख. थोडं पुढे हॉटेल फ्लोरेन्स, पुलमनच्या मुलीच्या नावाचं, गच्च्या-सज्जांनी नटलेलं. कारखाना म्हटल्यावर त्या काळी डोळ्यांसमोर यायचा तो धूर आणि राखेचा ढिगारा. इथं दर्शनी भागात पाणी आणि हिरवळ.

पण ते तळंही नुसतं शोभेचं नव्हतं. कारखान्याची सगळी यंत्रं एकाच इंजिनावर चालत. हे कॉर्लिस इंजिन १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण होतं. सुमारे १,४०० अश्वशक्ती, चाकाचाच व्यास ३० फूट. पुलमननं ते विकत घेतलं, सुटं करून पस्तीस डब्यांतून आणवलं, आणि एप्रिल १८८१ मध्ये मुलगी फ्लोरेन्सच्या हातून सुरू करवलं. त्या इंजिनाची वाफ थंड करून झाली की ते पाणी दर्शनी तळ्यात सोडत. प्रवासी ज्या पाण्याकडे बघून ‘वा!’ म्हणत, ते इंजिनाचं उष्टं पाणी.

काहीच वाया जाऊ न देण्याची ही रीत एकदा लक्षात आली की गावात जिकडे बघावं तिकडे तीच दिसायला लागते. घरांच्या विटा कॅलुमेट तळ्याच्या तळाची माती काढून भाजलेल्या. विटांचा हंगाम संपला, तळं गोठलं, की त्यातलीच माणसं बर्फ कापायच्या कामाला, आणि तो बर्फही कंपनी विकणार. सुतारखान्यातल्या ढलप्या आणि भुसा बॉयलरच्या पोटात. गावात कुणाला खाजगी तबेला ठेवायची परवानगी नाही. सगळे घोडे एकाच मोठ्या तबेल्यात, म्हणजे शेणाची घाण एकाच जागी. त्या तबेल्याच्या दारावर मात्र बीमननं लाकडात कोरलेली घोड्यांची मुंडकी बसवली. सव्विशीतला माणूस, कुठेतरी हौस भागवणारच.

आता घरांकडे. हजाराहून जास्त घरं, बहुतेक एकमेकांना खेटून ओळीनं उभी. रस्त्यांना स्टीफनसन, वॅट, फुल्टन, मोर्स अशा संशोधकांची नावं, आणि त्यांच्याच पंगतीत पुलमनचं. स्वतःच्या नावाचा रस्ता जेम्स वॅटच्या शेजारी ठेवायला छाती लागते. ओळीची घरं म्हणजे कंटाळा, हे बीमनला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मूळ आराखडे थोडेच ठेवून त्यानं चेहरे बदलले. कुठे छप्पर तिरकं, कुठे सपाट, कुठे कमानीची खिडकी, कुठे दोन घरं जोडून एखाद्या बंगल्याचा आभास. कोपऱ्यावरचं घर मोठं आणि रुबाबदार, म्हणजे ओळीला दोन्हीकडून जणू टेकू. भिंती समाईक असल्यानं वीट वाचली, थंडीत ऊबही टिकली. पाच खोल्यांच्या साध्या घरात तळघर, घरातच नळ, घरातच संडास, दिव्याला गॅस. शिकागोच्या मजूरवस्तीत अंगणातल्या खड्ड्याशिवाय संडास माहीत नसण्याचे ते दिवस. मागच्या बोळातून रोज केर उचलला जाई. पुढची हिरवळ, झाडं आणि फुलं कंपनीचा माळी सांभाळी.

पण नकाशा नीट बघा, तो उतरंडीनं लावलेला आहे. हॉटेलजवळच्या हमरस्त्यावर अधिकाऱ्यांचे ऐसपैस बंगले. मग फोरमन. मग कसबी कारागिरांच्या ओळी. पूर्वेकडे फुल्टन रस्त्यावर तीन मजली दहा चाळी, ए ते जे अशा नुसत्या अक्षरांच्या, तिथं नळ आणि संडास सामाईक. आणि गावाच्या दक्षिण टोकाला, वीटभट्ट्यांजवळ, लाकडी झोपड्या. जे हात गावासाठी विटा पाडत, त्यांच्या डोक्यावर विटेचं घर नव्हतं. गाडीच्या खिडकीतून हा भाग दिसत नसे. खिडकीत काय येईल आणि काय येणार नाही, याचा हिशेब पुलमननं आयुष्यभर केला होता.

दुकानं रस्त्यावर नाहीत, सगळी ‘आर्केड’ नावाच्या एकाच भल्यामोठ्या इमारतीत. मधून काचेच्या छताचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापड, औषधं, बँक, पोस्ट, वर वाचनालय आणि मखमली खुर्च्यांचं नाट्यगृह. आजच्या मॉलची ही आजी म्हणायला हरकत नाही. मटण-भाजी मात्र आर्केडमध्येही नाही, त्यासाठी वेगळा मार्केट हॉल, गावात मांस विकायचं तर तिथंच. १८९२ मध्ये तो जळाला. बीमननं नवा बांधताना चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार वळणदार इमारती बसवल्या, खाली खांबांच्या कमानी. सरळ रेषांच्या त्या गावात तेवढा एकच गोलाकार, आणि माझ्या मते सबंध गावातली सर्वांत सुंदर जागा.

या सगळ्यावर कंपनीला ६ टक्के परतावा हवा होता. पुलमन हे लपवत नसे. धर्मादाय करतोय असं त्यानं कधी म्हटलं नाही. उलट, सुंदर गाव फायद्यात चालतं हे त्याला दाखवून द्यायचं होतं. त्यामुळे घर विकत मिळत नसे, फक्त भाड्यानं, आणि दहा दिवसांच्या नोटिशीवर खाली करायचं. वाचनालयात पुस्तकं पुलमननं भेट दिलेली, पण वर्गणी भरल्याशिवाय आत जाता येत नसे. हिरव्या दगडाचं सुबक चर्च बांधलं, तेही भाड्यानं! भाडं इतकं की कुठल्याच मंडळीला परवडेना, देवाचं घर बरीच वर्षं भाडेकरूची वाट बघत रिकामं राहिलं. दारू फक्त हॉटेल फ्लोरेन्समध्ये, तीही पाहुण्यांच्या खिशाला परवडणारी. कामगार तहान भागवायला शेजारच्या केन्सिंग्टनला चालत जात. तिथं गुत्त्यांची रांगच होती.

१८८४ मध्ये रिचर्ड इली नावाचा तरुण अर्थशास्त्रज्ञ लग्न झाल्या झाल्या बायकोसह इथं येऊन राहिला आणि पुढच्या वर्षी ‘हार्पर्स’ मासिकात त्याचा लेख आला. इमारतींचं त्यानं मनापासून कौतुक केलं. पण कुणी गावाबद्दल मोकळेपणी बोलेना, आणि जो तो तात्पुरता मुक्काम केल्यासारखा राहतोय, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. एवढी पक्की विटांची घरं, आणि आतली माणसं तंबूत उतरल्यासारखी.

पाण्याचं चक्र आपण पाहिलं. तसंच एक पैशाचंही होतं. १८९३ च्या मंदीत डब्यांच्या मागण्या आटल्या आणि कंपनीनं पगार कापले, सरासरी २५ टक्के, काहींचे त्याहून जास्त. भाडं मात्र एक सेंटनंही उतरलं नाही. कारखाना वेगळा, घरं वेगळी, असं पुलमनचं म्हणणं. कागदावर ते खरंही होतं. पगाराच्या दिवशी कामगाराच्या हातात दोन चेक येत. एक भाड्याएवढा, दुसरा उरलेला. पहिल्याच्या पाठीवर सही करून तो तिथंच परत द्यायचा, अशी अपेक्षा. उरलेल्या चेकवर काहींना काही सेंटच दिसले. दोन सेंटांच्या एका चेकची गोष्ट गावातल्या एका पाद्र्यानं लिहून ठेवली आहे. पुढे सरकारी चौकशी आयोगासमोर आणखी हिशेब निघाले. कंपनी पाणी हजार गॅलनला ४ सेंटांनी घेऊन भाडेकरूंना १० सेंटांनी विकत होती. गॅस हजार घनफुटाला ३३ सेंटांत पडत होता आणि सव्वादोन डॉलरला विकला जात होता. जगातल्या सर्वांत हुशार नळजोडणीचा मीटर हा असा फिरत होता.

आयोगासमोर जेनी कर्टिस नावाची शिवणकाम करणारी मुलगी उभी राहिली. डब्यांचे पडदे-गालिचे शिवणाऱ्या खात्यात ती काम करी. तिच्या वडिलांनी कंपनीत तेरा वर्षं काढली होती. ते वारले तेव्हा घराचं साठ डॉलर भाडं थकलं होतं, आणि ते तिच्या पगारातून फेडायला तिला सांगण्यात आलं. मैला असो, भुसा असो, कर्ज असो. या गावातून काहीही फुकट बाहेर जात नव्हतं.

११ मे १८९४ ला कामगार संप करून बाहेर पडले. सभेसाठी गावात एकही सभागृह मिळेना, कारण सगळी सभागृहं कंपनीची. सभा भरल्या त्या केन्सिंग्टनमध्ये, गुत्त्यांच्या त्या गावात. मालकानं नकाशातून जे जे बाहेर काढलं होतं, ते सगळं शेजारी जाऊन उभं होतं. युजीन डेब्जच्या रेल्वे कामगार संघटनेनं पुलमनचे डबे ओढायचे नाहीत असं ठरवलं आणि शिकागोपासून पश्चिमेकडच्या गाड्या अडकल्या. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडनं सैन्य पाठवलं, माणसं मेली, संप मोडला, डेब्ज तुरुंगात गेला. याच गोंधळात अमेरिकेत कामगार दिनाची राष्ट्रीय सुट्टी जाहीर झाली. दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, प्रागच्या आरोग्यविषयक प्रदर्शनात पुलमन गावाला जगातलं सर्वांत परिपूर्ण गाव म्हणून बक्षीस मिळालं. परीक्षकांनी बहुधा नळच तपासले असावेत, आणि त्या हिशेबानं ते चुकले नव्हते.

पुलमन ऑक्टोबर १८९७ मध्ये वारला. संतापलेले कामगार प्रेत उकरतील अशी घरच्यांना धास्ती होती. शिसं लावलेली शवपेटी खोल खड्ड्यात ठेवून वर काँक्रीट ओतलं, त्यावर रेल्वेचे रूळ आडवे घातले, पुन्हा काँक्रीट. थडग्यावर उंच खांब आहे; तोही बीमननंच आखलेला. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: रेल्वेचे डबे बनवायचा परवाना असलेल्या कंपनीला गाव बाळगायचा अधिकार नाही, घरं विकून टाका. १९०७ पर्यंत विक्री आटोपली. भाडेकरू घरमालक झाले, कुणी व्हरांडा काढला, कुणी दाराला भलताच रंग दिला. बीमनच्या ओळी पहिल्यांदाच थोड्या विस्कटल्या.

कॉर्लिस इंजिन १९१० मध्ये भंगारात गेलं. आर्केड १९२६ मध्ये पाडलं. पाण्याचा मनोरा १९५७ मध्ये. १९६० मध्ये सगळी घरंही पाडून तिथं कारखान्यांसाठी मोकळी जागा करावी अशी टूम निघाली, तेव्हा रहिवासी एकत्र आले आणि त्यांनी ती हाणून पाडली. २०१५ मध्ये बराक ओबामांनी पुलमनला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, २०२२ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

शिकागोहून लोकल पकडली तर १११ व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं. गाव ज्या रुळांवरून दिसावं म्हणून आखलं, तेच हे रूळ. घड्याळाचा मनोरा दिसतो. १९९८ मध्ये कुणीतरी आग लावली होती, नंतर तो पुन्हा उभा केला. हॉटेल फ्लोरेन्स आहे. हिरव्या दगडाचं चर्च आहे. मार्केट हॉलचा फक्त खालचा सांगाडा उरलाय आणि भोवती त्या चार वळणदार इमारती, कमानींसकट. तळं तेवढं दिसत नाही. ते बुजवून टाकलं. इंजिनच गेलं, मग त्यात सोडायला पाणी कुठून आणणार?